ध्वनिक्षेपक, होम थिएटरमधील
चित्रपटगृहातल्याप्रमाणे ध्वनी श्रोत्याच्या पुढून, बाजूंनी व मागून यावा, अशा रीतीने घरातील खोलीत मांडलेल्या ध्वनिक्षेपकांच्या (लाउडस्पीकरांच्या) संचास ही संज्ञा लावतात. अशा प्रणालीत चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणाचे वाचन करणारे साधन, त्यातील निरनिराळ्या ध्वनिमार्गांचे संदेश विलग करून ते विवर्धित करणारा रिसीव्हर, विद्युत् संदेशाचे ध्वनीत रूपांतर करणारे ध्वनिक्षेपक आणि खोली असे चार घटक असतात. पहिल्या दोन घटकांतील विकृती आधुनिक इलेक्ट्रॉनिकीमुळे बहुधा कानास जाणवणार नाही इतकी अल्प असते. अखेरच्या दोन घटकांतील दोष मात्र सहज ऐकू येतात. त्यामुळे खर्चाची मर्यादा असेल तेव्हा ध्वनिक्षेपकांची निवड व त्यांची मांडणी या दोन गोष्टींवरच अंतिम परिणाम अवलंबून राहतो. खर्च मर्यादित असताना ध्वनिक्षेपकांची संख्या वाढविण्यापेक्षा मोजके पण निर्दोष ध्वनिक्षेपक घेणे आणि ज्यांतून संवाद ऐकू येतात त्यांना अग्रक्रम देणे, हे या निवडीचे मुख्य तत्त्व होय.

इतिहास : चुंबकीय क्षेत्रात हलणाऱ्या वेटोळ्यावर आधारलेला शंकुपटलाचा ध्वनिक्षेपक अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत सी. डब्ल्यू. राइस व ई. डब्ल्यू. केलॉग यांनी विकसित केला व त्याचे वर्णन १९२५ मध्ये प्रसिद्ध केले. आजचे बहुतेक ध्वनिक्षेपक तत्त्वतः याच प्रकारचे आहेत. दोन ध्वनिमार्गांनी ध्वनीला दिशा देण्याच्या स्टिरिओ पद्धतीसाठी ॲलन ब्लमलाइन या ब्रिटिश अभियंत्यांनी १९३१ मध्ये एकस्वाचा (पेटंटचा) अर्ज केला. वॉल्ट डिझ्नी यांच्या फँटेसिया (१९४०) या चित्रपटासाठी काही निवडक चित्रपटगृहांत अनेक ध्वनिमार्ग वापरण्यात आले. द रोब (१९५३) या सिनेमास्कोप चित्रपटात चार चुंबकीय ध्वनिपट्ट होते. भारतात ७० मिमी. पडदा व स्टिरिओफोनिक ध्वनी यांची मोठ्या प्रेक्षकवर्गाला ओळख करून देण्यात शोले (१९७५) या चित्रपटाचा वाटा मोठा आहे. स्टार वॉर्स (१९७७) या चित्रपटामुळे डॉल्बी स्टिरिओ पद्धतीचा प्रसार झाला व १९८२ मध्ये तिचे घरगुती रूप उपलब्ध झाले. अंकीय (डिजिटल) पद्धतीचा बहुमार्गी ध्वनी चित्रपटगृहांत १९९० च्या दशकाच्या आरंभी वापरात आला. १९९६ मध्ये जपानमध्ये डीव्हीडी तबकडी विक्रीस आल्यानंतर तो घरोघरी पोहोचला. छतावरूनही ध्वनी आणणारी डॉल्बी ॲटमॉस पद्धती चित्रपटगृहांत २०१२ मध्ये, तर घरांत २०१४ मध्ये आली.

संचाची रचना : सर्वाधिक प्रचलित रचनेस ‘५.१’ असे म्हणतात. तीत समोर डावा, मध्य व उजवा असे तीन आणि बाजूंस दोन असे पाच पूर्ण ध्वनिमार्ग असतात. ‘.१’ हा आकडा केवळ १२० हर्ट्झपर्यंतच्या नीच कंप्रतांसाठी (दर सेकंदास होणाऱ्या कमी कंपनांच्या ध्वनीसाठी) राखलेला अपुरा मार्ग दर्शवितो. आंतरराष्ट्रीय दूरसंदेशवहन संघाच्या बीएस ७७५ या शिफारशीनुसार डावा व उजवा ध्वनिक्षेपक श्रोत्याच्या समोरील मध्यरेषेपासून प्रत्येकी ३० अंशांवर असावा. म्हणजे हे दोन ध्वनिक्षेपक व श्रोता मिळून समभुज त्रिकोण होतो. पार्श्व ध्वनिक्षेपक याच रेषेपासून १०० ते १२० अंशांवर, म्हणजे श्रोत्याच्या बाजूस व किंचित मागे असावेत.

(१) मध्य ध्वनिक्षेपक : चित्रपटातील संवादांचा बहुतांश भाग या ध्वनिक्षेपकातून येतो. तो नसल्यास रिसीव्हर तोच संदेश डाव्या व उजव्या ध्वनिक्षेपकांना समप्रमाणात देतो आणि बरोबर मध्यभागी बसलेल्या श्रोत्यास आवाज पडद्यातूनच येत असल्याचा भास होतो. एका बाजूस बसलेल्यांस मात्र जवळच्या ध्वनिक्षेपकाचा ध्वनी काही सहस्रांश सेकंद आधी पोहोचतो व सर्व संवाद त्याच बाजूने आल्यासारखे वाटतात. आधी पोहोचलेल्या ध्वनीवरून दिशा ठरविण्याच्या कानाच्या या प्रवृत्तीचा अभ्यास हेल्मूट हास यांनी १९४९ मध्ये केला. यावरून खर्चासंबंधी एक स्पष्ट निष्कर्ष निघतो : एक-दोन व्यक्तीच मध्यभागी बसून चित्रपट पाहणार असतील, तर मध्य ध्वनिक्षेपक पुढे ढकलता येतो. सर्व कुटुंब कोच, खुर्च्या व सतरंजी यांवर पसरून बसणार असेल, तर तो अत्यावश्यक ठरतो.

मध्य ध्वनिक्षेपक डाव्या-उजव्यांच्याच मालिकेतील असावा. अन्यथा एखादे पात्र पडद्यावर एका कडेकडून दुसरीकडे चालत जाताना त्याच्या आवाजाचा पोत बदलतो. दूरचित्रवाणी संचाखाली मावावा म्हणून हा ध्वनिक्षेपक पुष्कळदा आडवा बनवितात व मधल्या ट्वीटरच्या दोन्ही बाजूंस एकेक वूफर बसवितात. या रचनेत एका बाजूस बसलेल्या श्रोत्यापासून दोन वूफरांची अंतरे भिन्न होतात व व्यतिकरणामुळे मध्यम कंप्रतांचा काही भाग क्षीण होतो. नेमका याच पट्ट्यात उच्चारांचा स्पष्टपणा असतो. म्हणून जागा असल्यास डाव्या-उजव्यासारखाच तिसरा ध्वनिक्षेपक उभा ठेवणे अधिक चांगले.

(२) डावा व उजवा ध्वनिक्षेपक : संगीत, पार्श्वध्वनी व पडद्यावरील हालचाल यांचा भार यांवर असतो. फडताळावर वा तिवईवर ठेवावयाचे लहान व जमिनीवर उभे राहणारे उंच असे दोन प्रकार आढळतात. उंच प्रकारातील जादा किंमत मुख्यतः मोठ्या पेटीसाठी व अधिक वूफरांसाठी असते आणि त्यांचा लाभ नीच कंप्रतांत होतो. सबवूफर घ्यावयाचाच असेल, तर हा लाभ बव्हंशी निरुपयोगी ठरतो. त्यामुळे त्याच किंमतीत लहान पेटीचा पण वरच्या दर्जाचा ध्वनिक्षेपक घेणे हितावह असते.

(३) सबवूफर : ध्वनीची तीव्रता तीच ठेवून कंप्रता निम्मी केल्यास पटलाला चौपट अंतर मागेपुढे सरकावे लागते. लहान ध्वनिक्षेपकास नीच कंप्रता झेपत नाहीत, याचे कारण हेच होय. त्या वेगळ्या काढून सबवूफरकडे दिल्यास उरलेल्या पाचही ध्वनिक्षेपकांवरील ताण कमी होतो व त्यांचा मध्यम पट्टाही अधिक स्वच्छ ऐकू येतो. यासाठी ८० हर्ट्झ ही विभाजन कंप्रता बहुधा योग्य असते. तिची तरंगलांबी सु. ४.३ मी. असल्याने या कंप्रतेखालील ध्वनी कोठून येतो हे कानास सहसा ओळखता येत नाही व एकच सबवूफर सर्व ध्वनिमार्गांस पुरतो. अत्यंत स्वस्त सबवूफर मात्र एखाद-दुसऱ्या कंप्रतेवरच घुमतो. तसा घेण्यापेक्षा काही काळ सबवूफरविना राहणे बरे.

(४) पार्श्व ध्वनिक्षेपक : पाऊस, गर्दी, वाहनांचा आवाज इ. वातावरणनिर्मितीचे काम यांकडे असते व त्यांस शक्ती कमी लागते. म्हणून काटकसर येथे सर्वांत कमी जाचक ठरते. छतावरील ध्वनिक्षेपकांचा विचार मूळ पाच चांगले झाल्यानंतरच करावा.

निवडीचे निकष : कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी १९८० नंतरच्या दशकात ध्वनिक्षेपकांच्या पडताळणी-चाचण्या घेतल्या. त्यांत ध्वनिक्षेपक पडद्याआड ठेवून श्रोत्यांस त्यांची नावे व किंमती कळू दिल्या नव्हत्या. ज्यांचा कंप्रता प्रतिसाद समोर सपाट व बाजूंस सावकाश आणि एकसारखा उतरणारा आहे, असे ध्वनिक्षेपक श्रोत्यांनी मोठ्या प्रमाणात पसंत केले. नाव व किंमत डोळ्यांसमोर असल्यास मत बदलते, हेही अशाच प्रकारच्या पुढील चाचण्यांत आढळून आले. या संशोधनातून विकसित झालेली मोजणीची पद्धती २०१३ मध्ये अमेरिकेत मानक म्हणून स्वीकारण्यात आली. अशा मोजणीचे आलेख उपलब्ध असल्यास ते जाहिरातीतील विशेषणांहून अधिक विश्वसनीय समजावेत. केवळ ‘५० ते २०,००० हर्ट्झ’ असे छापलेले असल्यास त्यावरून काहीच बोध होत नाही. त्यापुढे ‘± ३ डेसिबल’ अशी मर्यादा दिलेली असली, तरच त्या विधानास अर्थ प्राप्त होतो.

संवेदनशीलता : १ वॉट शक्ती दिली असता १ मी. अंतरावर मिळणाऱ्या ध्वनिपातळीस संवेदनशीलता म्हणतात. घरगुती ध्वनिक्षेपकांत ती बहुधा ८४ ते ९० डेसिबल असते. पातळी ३ डेसिबलांनी वाढविण्यासाठी दुप्पट शक्ती लागते. उदा., ८७ डेसिबल संवेदनशीलतेच्या ध्वनिक्षेपकाची पातळी मोकळ्या जागेत २.५ मी. अंतरावर सु. ७९ डेसिबल होते. तेथे ९५ डेसिबलांचे क्षणिक शिखर मिळविण्यास सु. ४० वॉट लागतील. संवेदनशीलता ९० डेसिबल असल्यास २० वॉट पुरतील आणि ८४ असल्यास ८० वॉट लागतील. बंद खोलीत परावर्तित ध्वनीची भर पडत असल्याने प्रत्यक्षातील गरज याहून काहीशी कमी असते. तात्पर्य, संवेदनशील ध्वनिक्षेपक निवडल्यास रिसीव्हरवरील खर्च वाचतो.

शक्तीचे आकडे : स्वस्त संचांच्या खोक्यांवर ‘पी. एम. पी. ओ.’ या आद्याक्षरांसह हजारो वॉटांचे आकडे छापलेले असतात. या मापनास कोणताही मान्य आधार नाही. साध्या भिंतीवरील प्लगमधून शंभर वॉट घेणारे उपकरण सहस्र वॉटांचा अखंड ध्वनिसंदेश देऊ शकत नाही, एवढे ध्यानात ठेवल्यास फसगत टळते. किती ओहमच्या भारावर, एकाच वेळी किती मार्गांना व किती विकृतीच्या मर्यादेत अखंड किती वॉट मिळतात, हे पाहणे उचित होय. ध्वनिक्षेपकाचा संरोध (प्रत्यावर्ती विद्युत् प्रवाहास होणारा एकूण विरोध) ४ ओहम असल्यास रिसीव्हरमधून जादा प्रवाह ओढला जातो व साधे रिसीव्हर तापतात. म्हणून ६ वा ८ ओहमचे ध्वनिक्षेपक निर्धोक असतात.

तारा : तारांवर मोठा खर्च करण्याचे कारण नाही. १.५ चौ. मिमी. छेदाच्या साध्या तांब्याच्या जोडतारेचा ६ मी. अंतरासाठी जाऊन-येऊन एकूण रोध सु. ०.१४ ओहम होतो. ८ ओहमच्या ध्वनिक्षेपकाबाबत यामुळे होणारी घट सु. ०.१५ डेसिबल, म्हणजे कानास न जाणवण्याइतकी असते. धन व ऋण टोके सर्व ध्वनिक्षेपकांवर सारखीच जोडणे मात्र आवश्यक आहे. एका ध्वनिक्षेपकाची टोके उलट झाल्यास दोहोंचे नीच स्वर परस्परांस छेदतात व संच पोकळ वाजतो.

खर्चाची विभागणी : ध्वनिक्षेपकांसाठीची रक्कम १०० भाग मानल्यास ढोबळ मानाने समोरच्या तिघांवर ५० ते ५५, सबवूफरवर ३० व पार्श्व जोडीवर १५ ते २० भाग खर्च करणे इष्ट असते. एकूण रक्कम इतक्या भागांत वाटण्यासारखी नसेल, तर संच टप्प्याटप्प्याने उभारावा. प्रथम डाव्या-उजव्याची चांगली जोडी घ्यावी. त्यानंतर कुटुंबाच्या बसण्याच्या पद्धतीनुसार मध्य ध्वनिक्षेपक अथवा सबवूफर घ्यावा व शेवटी पार्श्व जोडी घ्यावी. याकरिता रिसीव्हर आरंभीच पाच मार्गांचा असावा आणि ध्वनिक्षेपकांची मालिका पुढेही मिळत राहील याची चौकशी करावी. एकाच खोक्यात सर्व काही देणाऱ्या तयार संचात सुटसुटीतपणा असतो. पण अशा अनेक संचांतील जोडणी विशिष्ट प्रकारची असते व एक घटक बिघडल्यास वा सुधारावयाचा झाल्यास संपूर्ण संच टाकून द्यावा लागतो. दूरचित्रवाणी संचाखाली ठेवावयाचा लांबट साउंडबार लहान खोलीत संवादांपुरता उपयुक्त ठरतो. मात्र भिंतींच्या परावर्तनांतून निर्माण केलेला त्यातील भोवतालचा भास स्वतंत्र ध्वनिक्षेपकांची बरोबरी करू शकत नाही.

वापरलेले ध्वनिक्षेपक : मर्यादित रकमेत वरच्या दर्जाचा ध्वनिक्षेपक मिळविण्याचा हा उत्तम मार्ग आहे, कारण चांगली पेटी व चुंबक दीर्घकाळ टिकतात. शंकूच्या कडेची लवचिक पट्टी मात्र तपासावी लागते. ती फोमची असल्यास साधारणतः १० ते २० वर्षांत चुरा होऊन गळते. कोकण व मुंबईच्या दमट हवेत ही क्रिया अधिक जलद होते. रबराची पट्टी बरीच अधिक टिकते. शंकू दोन्ही हातांनी सारखा व हलका दाबला असता खरखर झाल्यास वेटोळे घासत असल्याचे समजावे. लाकडी भुशाच्या दाबपट्टीची पेटी ओलीने फुगलेली नसावी. पेटी घरी बनवून घ्यावयाची असल्यास एन. थील (१९६१) व त्यानंतर आर. स्मॉल यांनी विकसित केलेल्या गणितानुसार तिचे घनफळ निश्चित करावे. केवळ अंदाजाने बनविलेल्या पेटीत महाग वूफरही घुमतो.

खोली व मांडणी : कोणत्याही खोलीत समोरासमोरच्या भिंतींमधील अंतरानुसार काही विशिष्ट नीच कंप्रतांना अनुस्पंदन होते. ४.५ × ३.३ × ३ मी. मापाच्या, शहरी सदनिकांत सामान्यतः आढळणाऱ्या दिवाणखान्यात अशा पहिल्या कंप्रता अनुक्रमे सु. ३८, ५२ व ५७ हर्ट्झ असतात. म्हणजे त्या सबवूफरच्या कार्यक्षेत्रातच पडतात. त्यामुळे एका जागी बसल्यास ढोल घुमतो, तर दुसऱ्या जागी तो जवळजवळ नाहीसा होतो. यावरील उपाय बिनखर्चाचा आहे. स्रोत व श्रोता यांच्या जागांची अदलाबदल केल्यास मिळणारी ध्वनिपातळी तीच राहते, या व्युत्क्रमाच्या तत्त्वानुसार सबवूफर तात्पुरता बसण्याच्या जागी ठेवून एकच नीच स्वरांची धून वाजवावी व खोलीच्या कडेने वाकून फिरावे. जेथे सर्व स्वर सारखे ऐकू येतील, तेथे सबवूफर कायम ठेवावा. कोपऱ्यात ठेवल्यास पातळी वाढते, पण घुमणेही वाढते.

मध्यम व उच्च कंप्रतांबाबत अडचण निराळी असते. महाराष्ट्रातील घरांत फरशीची जमीन, गिलाव्याच्या भिंती, सिमेंट काँक्रीटचे छत व काचेच्या खिडक्या असल्याने ध्वनीचे शोषण अल्प होते. डब्ल्यू. सी. साबीन यांच्या सूत्रानुसार वरील खोलीचे घनफळ सु. ४४.५ घ. मी. व एकूण शोषण ६ चौ. मी. इतके असल्यास ध्वनी विरण्यास सु. १.२ सेकंद लागतात. एवढ्या काळात पुढची अनेक अक्षरे उच्चारली जाऊन ती आधीच्या ध्वनीत मिसळतात. संवाद कळत नाहीत म्हणून पुष्कळ जण आवाज वाढवितात अथवा नवा ध्वनिक्षेपक आणतात. परंतु आवाज वाढविल्याने परावर्तित ध्वनीही तितकाच वाढतो. जाड सतरंजी वा गालिचा, गाद्यांचा कोच, भरलेले पुस्तकांचे कपाट व जाड पडदे यांच्या योगे शोषण १५ चौ. मी. झाल्यास हा काळ सु. अर्ध्या सेकंदावर येतो. पातळ पडद्यांनी केवळ उच्च कंप्रताच शोषल्या जातात. म्हणून नवा ध्वनिक्षेपक घेण्यापूर्वी हे उपाय करून पाहणे आर्थिक दृष्ट्या शहाणपणाचे असते.

ट्वीटर बसलेल्या श्रोत्याच्या कानांच्या पातळीवर यावेत. मध्य ध्वनिक्षेपक खाली असल्यास त्याचे तोंड थोडे वर करावे. ध्वनिक्षेपक बंद कपाटात वा खोल कोनाड्यात कोंबू नयेत. कोच मागील भिंतीस अगदी टेकवून ठेवल्यास नीच स्वर फुगतात. तो शक्य तितका पुढे घ्यावा. मांडणी झाल्यावर रिसीव्हरमधील चाचणी-ध्वनीच्या साहाय्याने प्रत्येक ध्वनिक्षेपकाची पातळी बसण्याच्या जागी सारखी करावी व अंतरे मोजून भरावीत. ध्वनी १ मी. अंतर सु. २.९ सहस्रांश सेकंदांत कापतो व रिसीव्हर त्यानुसार जवळच्या ध्वनिक्षेपकास विलंब देतो. पातळ्यांची परस्पर तुलना करण्यास भ्रमणध्वनीतील ध्वनिमापकही पुरेसा होतो.

दुकानातील पारख : दुकानातील खोली, पातळी व मांडणी घराहून भिन्न असतात. दोन ध्वनिक्षेपकांपैकी जो किंचित मोठ्याने वाजतो, तोच कानास अधिक चांगला वाटतो. तेव्हा तुलना करताना दोहोंची पातळी समान करून घ्यावी. स्फोट व पाठलाग यांची दृश्ये चाचणीस निरुपयोगी असतात. कारण स्फोटाचा मूळ आवाज कसा असतो हे श्रोत्यास ठाऊक नसते. परिचित गायकाचा आवाज, तबला व मराठीतील साधा संवाद यांवरून दोष त्वरित ध्यानात येतात. स, श व च यांचे उच्चार टोचत असल्यास वा पुरुषाचा आवाज पिंपातून आल्यासारखा वाटल्यास तो ध्वनिक्षेपक टाळावा.

मर्यादा : काटकसरीने निवडलेल्या संचातून चित्रपटगृहातील अतिनीच कंपने व प्रचंड पातळी यांची अपेक्षा करता येत नाही. सदनिकांत तशी पातळी इष्टही नसते. नीच कंप्रता भिंती व छताच्या स्लॅबमधून शेजाऱ्यांकडे सहज पोहोचतात व पडद्यांनी वा गालिच्यांनी त्या अडत नाहीत. सबवूफर फोमच्या जाड तुकड्यावर ठेवल्यास जमिनीत जाणारी कंपने काही अंशी कमी होतात, हवेतून जाणारी मात्र होत नाहीत. रात्रीच्या वेळी रिसीव्हरमधील पातळ्यांचा पल्ला आकुंचित करण्याची सोय वापरल्यास मोठे आवाज दबून संवाद स्पष्ट राहतात. मध्यम पातळीवर प्रत्येक शब्द सर्वांना विनासायास कळणे आणि ध्वनी चित्राशी जुळलेला वाटणे ही उद्दिष्टे वर दिलेल्या क्रमाने खर्च केल्यास सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात येतात.